ऑनलाइन लिलावात रिझर्व, प्रॉक्सी, स्नायपिंग, अ‍ॅज इज, एनओएस असले शब्द दिसतात, त्यांचा नेमका अर्थ काय? पहिल्यांदाच बोली लावणार आहे, कशात फसायला होतं?

मी गेली काही वर्षं जुने कॅमेरे आणि लेन्स असेच लिलावात घेतोय, मधेमधे विकतो पण, त्यामुळे यातले बरेचसे शब्द मी पैसे घालवून शिकलोय असं म्हणायला हरकत नाही. आधी एक गोष्ट सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. यातला कुठलाही शब्द दिसला की डिक्शनरीतला अर्थ शोधत बसू नका, फक्त एवढं विचारा की उद्या काही गडबड झाली तर हा शब्द नुकसान कोणाच्या गळ्यात बांधतो, माझ्या का विकणाऱ्याच्या. निम्म्याहून जास्त शब्द त्यासाठीच जन्माला आलेत.

पहिला घोटाळा होतो तो बोलीच्या चौकटीत. तिथे तुम्ही आकडा टाकता तो तुम्ही देणार असलेला आकडा नसतो, तो तुमचा मॅक्स असतो, म्हणजे याच्यावर मी एक पैसा जाणार नाही अशी हद्द. तो फक्त सिस्टीमला कळतो आणि तुमच्या वतीने सिस्टीम लागेल तेवढीच बोली वाढवत राहते, यालाच प्रॉक्सी बिडिंग किंवा ऑटोमॅटिक बिडिंग म्हणतात. समजा बोली १०० वर आहे, वाढ १० ची आहे आणि तुम्ही ५०० टाकले, तर दिसणार ११०, ५०० नाही. दुसऱ्या कोणाचा मॅक्स ३०० निघाला तर तुम्ही ३१० वर जाऊन थांबणार. म्हणजे जिंकणारा पैसे मोजतो ते दोन नंबरवाल्याच्या आकड्याच्या जरासं वर. विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली साधारण अशाच लिलावाचं गणित मांडून दाखवलं होतं, की बंद बोली लावायची आणि जिंकणाऱ्याने दुसऱ्या नंबरची किंमत द्यायची असा नियम असेल तर आपल्याला वस्तूची जी खरी किंमत वाटते तीच सरळ लिहून टाकण्यात फायदा असतो, हातचं राखून काही मिळत नाही. त्याला १९९६ चं नोबेल मिळालं. पण आपण पडलो माणसं, आपल्याला वाटतं आधी थोडे टाकून बघू.

वाढ म्हणजे बिड इन्क्रिमेंट, बोली किती पायरीने चढणार ते. ही पायरी किमतीप्रमाणे मोठी होत जाते, ईबे या लिलावाच्या साइटचं उदाहरण घ्या, २५ ते ९९.९९ डॉलरमधे पायरी १ डॉलरची आणि १०० च्या पुढे २.५० ची. यात एक बारीक मेख आहे. बहुतेक जण मॅक्स गोल आकड्यात टाकतात, ५०० वगैरे. तुम्ही ५०३ टाकलेत आणि समोरच्याचे ५०० असले तर पूर्ण पायरी न चढता सुद्धा तुम्ही ५०३ ला जिंकू शकता. दोघांचे ५०० च असले तर ज्याने आधी टाकले त्याला मिळतं. तीन रुपड्यांसाठी लेन्स हातातून गेलेली मी पाहिलीये म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

आता स्नायपिंग. म्हणजे दिवसभर गप्प बसायचं आणि शेवटच्या पाचदहा सेकंदात एकदम बोली टाकायची, समोरच्याला उत्तर द्यायला वेळच ठेवायचा नाही. नवीन लोकांना ही चीटिंग वाटते, तसं काही नाहीये, सहसा चालतं. पण हे चालतं ते लिलाव ठरलेल्या सेकंदाला बंद होत असेल तरच, त्याला हार्ड क्लोज म्हणतात. काही ठिकाणी सॉफ्ट क्लोज असतो, शेवटच्या काही मिनिटात बोली आली की वेळ आपोआप वाढतो, तिथे टपून बसण्यात काही अर्थ नाही. अ‍ॅमेझॉन पूर्वी लिलाव चालवायचं तेव्हा तिथे शेवटच्या दहा मिनिटात बोली आली की मुदत पुढे जायची, आणि रॉथ व ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ईबेशी त्याची तुलना करून २००२ साली पेपर लिहिला, त्यात शेवटच्या घटकेच्या बोल्या ईबेवर कितीतरी जास्त निघाल्या. तेव्हा बोली लावायच्या आधी लिलाव कसा बंद होणार ते नियमांमधे बघून घ्या.

स्नायपिंगच्या उलट निबलिंग, म्हणजे उंदरासारखं कुरतडत बोली वाढवायची. हे मी केलंय त्यामुळे छातीठोकपणे सांगतो की करू नका. एक ५० एमएमची लेन्स होती, मी मनात १८० ठरवलेले. दोन मिनिटं राहिली, बोली १४०. मी १५० टाकले, लगेच आउटबिड, म्हणजे समोरच्याची बोली माझ्या वर. १६०, आउटबिड. समोरच्याने मॅक्स टाकून तो निवांत बसलाय आणि मी त्याच्या प्रॉक्सीशी एकटाच भांडतोय हे त्या क्षणी डोक्यात येतच नाही, तिथे लाल अक्षरात आउटबिड आलं की कानशिलं तापतात आणि वाटतं आता दहा टाकले की सुटलं. १८० कधी ओलांडले कळलंच नाही, २३६ ला लेन्स मिळाली, मी खुश! आणि दुसऱ्या टॅबमधे तीच लेन्स दुसऱ्या विक्रेत्याकडे सरळ २०० ला पडून होती. जिंकलो म्हणजेच बाकी सगळ्यांपेक्षा जास्त किंमत लावली, याला विनर्स कर्स म्हणतात, तेल कंपनीतल्या तीन इंजिनिअरांनी १९७१ मधे तेलाच्या जागांच्या लिलावांबद्दल ही गोष्ट मांडली होती. ते तेलाच्या विहिरीत फसले, मी लेन्समधे, एवढाच फरक.

ती सरळ किंमत म्हणजे बाय इट नाऊ, शॉर्टमधे बीआयएन. लिलाव आणि बीआयएन दोन्ही एकाच लिस्टिंगवर असेल तर पहिली बोली पडली की बीआयएनचं बटण बऱ्याचदा गायब होतं, त्यामुळे किंमत पटत असेल तर उगाच छोटी बोली टाकून बघायला जाऊ नका. (काही जण मुद्दाम छोटी बोली टाकून ते बटण उडवतात ही गोष्ट वेगळी.) बेस्ट ऑफर किंवा ओबीओ म्हणजे घासाघीस चालेल. पण तुमची ऑफर मान्य झाली की ती खरेदी समजली जाते, सहज विचारलं होतं असं नंतर म्हणता येत नाही.

रिझर्व म्हणजे विकणाऱ्याने मनात ठरवलेली आणि लपवलेली कमीत कमी किंमत. झाकली मूठ. सुरुवातीची बोली १ असली म्हणून हुरळून जायचं नाही, खाली रिझर्व नॉट मेट लिहिलेलं असेल तर तुम्ही सगळ्यात वर असलात तरी वस्तू तुमची नाही. एनआर म्हणजे नो रिझर्व, इथे विकणाऱ्याने जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतलीये, जी बोली येईल तिला द्यायला तो बांधील आहे. मला वैयक्तिक रिझर्ववाले लिलाव आवडत नाहीत, सरळ तीच किंमत सुरुवातीला ठेव ना बाबा.

आणि एनआर ठेवून पोटात गोळा आला की काही जण शिल बिडिंग करतात, म्हणजे मित्राच्या नाहीतर स्वतःच्याच दुसऱ्या अकाउंटवरून बोली लावून भाव चढवायचा. याला सगळीकडे बंदी आहे आणि तरीही होतं. बोल्यांची हिस्ट्री उघडून बघा, कोणीतरी शून्य फीडबॅकवाला, फक्त याच विक्रेत्याच्या वस्तूंवर बोली लावतो, दहादहाने वर चढून तुमचा मॅक्स कुठे आहे ते चाचपतो आणि बरोबर त्याच्या खाली थांबतो नाहीतर बोली मागे घेतो, तर समजून जा. म्हणूनच मॅक्स दोन दिवस आधी टाकून ठेवू नका. याचा जुळा भाऊ म्हणजे बिड शिल्डिंग, तो खरेदीवाल्यांचा चावटपणा. एका अकाउंटने फालतू बोली, दुसऱ्याने अवाच्या सवा बोली, बाकीचे घाबरून पळतात, शेवटी मोठी बोली मागे घेतली जाते आणि वस्तू फालतू किमतीला जाते. सेकंड चान्स ऑफर हा शब्द पण इथेच ओळखून ठेवा, जिंकणाऱ्याने पैसे दिले नाहीत तर दोन नंबरवाल्याला त्याच्याच बोलीत वस्तू देऊ करतात. खरी ऑफर तुमच्या अकाउंटमधे दिसते, नुसत्या ईमेलवर येऊन पैसे थेट पाठवा म्हणत असेल तर तो विक्रेता नाहीच.

इथपर्यंत सगळं यंत्राचं, नियम एकदा कळले की संपलं. खरे पैसे जातात ते वस्तूच्या वर्णनातल्या शब्दांत, कारण हे शब्द माणूस लिहितो. अ‍ॅज इज म्हणजे आहे तशी, नंतर तक्रार नको. फॉर पार्ट्स म्हणजे चालत नाही, सुटे भाग काढायला घ्या. ईबेवर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून जी सांगतात ती याच जातीची, १९९५ मधे ईबे सुरू करणाऱ्या पिएर ओमिड्यारने बिघडलेला लेझर पॉइंटर टाकला आणि तो १४.८३ डॉलरला गेला, घेणाऱ्याला विचारलं तर म्हणे मी बिघडलेलेच गोळा करतो. त्याला माहीत होतं आपण काय घेतोय, आपल्याला बऱ्याचदा नसतं. सगळ्यात लबाड शब्द अनटेस्टेड. बॅटरी नव्हती म्हणून तपासता आलं नाही म्हणतात, पण ज्याने वीस फोटो काढले, पेटी शोधली, पार्सलचं वजन केलं त्याला दोन सेल मिळाले नाहीत? मी अनटेस्टेड वाचलं की टेस्टेड आणि बंद असंच धरून चालतो, कधीतरी चालू निघालं तर बोनस.

एनओएस म्हणजे न्यू ओल्ड स्टॉक, जुना माल पण कधी न वापरलेला, दुकानाच्या फळीवर पडून राहिलेला. वापरला नाही म्हणजे ठणठणीत असं नाही बरं का, वीस वर्षं पडून राहिलेलं रबर चिकट होतं, ग्रीस घट्ट बसतं. बीएनआयबी म्हणजे नवीन, पेटीसकट. रिफर्बिश्ड म्हणजे दुरुस्त करून दिलेलं, कोणी केलं ते विचारायचं, कंपनीने का विकणाऱ्याने घरच्या टेबलावर. मिंट म्हणजे कोरं करकरीत, पण लोक हा शब्द मिठासारखा टाकतात, आणि मिंट मायनस, एक्सलंट प्लस प्लस प्लस हे प्रकार तर नुसते ऐकून सोडून द्यायचे. उलटं एक लक्षात ठेवा की जिथे ठरलेली श्रेणी आहे तिथे गुड म्हणजे वाईट. जुन्या रेकॉर्डमधे निअर मिंट, मग व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड आणि त्याच्याही खाली गुड, म्हणजे खरखर ऐकायची तयारी ठेवा. नाण्यांना १ ते ७० आकडे असतात, त्यात गुड म्हणजे ४, सगळं घासलेलं. आणि स्टाइल हा शब्द ब्रँडच्या नावामागे दिसला की ती वस्तू त्या ब्रँडची नाही. चित्रांमधे अमक्याच्या शैलीत किंवा अमक्याच्या नंतर असं लिहिलं असेल तरी तेच.

पैशातले शब्द पटकन. हॅमर प्राइस म्हणजे बोली जिथे थांबली ती. तेवढ्यात सुटत नाही, मोठ्या लिलावघरांत वर बायर्स प्रीमियम असतो, क्रिस्टीज आणि सदबीजने लंडनमधे १९७५ ला सुरू केला आणि मग सगळ्यांनी उचलला. प्रीमियम २५ टक्के असेल तर १०० ची बोली म्हणजे १२५, वर कर, वर पाठवणावळ. पाठवणावळीत पूर्वी फार चालायचं, वस्तू १ ला आणि शिपिंग ४० ला, नाकापेक्षा मोती जड, कारण साइटची फी फक्त विक्रीच्या किमतीवर लागायची. ईबेने २०११ पासून शिपिंगवर पण फी लावली तेव्हा त्यातली मजा गेली. तरी बोली लावायच्या आधी तो आकडा बघा आणि मॅक्समधून वजा करा.

फीडबॅकमधे टक्केवारी बघू नका, फक्त निगेटिव्ह वाचा आणि त्यावर विक्रेत्याने काय उत्तर दिलंय ते. आणि खरेदीवाल्यांचे टक्के तर बघूच नका, ईबेवर २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराला निगेटिव्ह देताच येत नाही. वाद झाला तर आयएनआर म्हणजे वस्तू पोचलीच नाही आणि एसएनएडी म्हणजे वर्णनाप्रमाणे नाही. एसएनएडीसाठीच पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवायचा, आणि व्यवहार साइटच्या बाहेर कधीच न्यायचा नाही, बाहेर गेलात की हे दोन्ही शब्द तुमच्या कामाचे नाहीत.

परवाच एक लिस्टिंग होती, एनआर, एक्सलंट प्लस प्लस, अनटेस्टेड, अ‍ॅज इज, नो रिटर्न्स. आता तुम्हीच वाचा, दिसायला बरी, बहुतेक बंद, तक्रार ऐकणार नाही, परत घेणार नाही, पण जी बोली येईल तिला देणार. बाकीचे चार शब्द माझ्या विरुद्ध, एनआर तेवढा माझ्या बाजूने. मी सुट्या भागांची किंमत काढली, त्यातून शिपिंग वजा केलं, आले ४३, आणि शेवटचे आठ सेकंद राहिले तेव्हा ते एकदाच टाकले. ४७ ला दुसऱ्याला गेली.