दारूड्याची स्मरणशक्ती जाते ती दारूमुळे की जीवनसत्त्वाच्या अभावामुळे?

आपण लिहिले आहे की आपले वडील अनेक वर्षे रोज दारू पीत होते, सततच्या उलट्या आणि गोंधळलेल्या अवस्थेमुळे त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले, आता दारू पूर्ण बंद होऊन दोन महिने झाले, तरी सकाळी काय खाल्ले हे त्यांना दुपारी आठवत नाही आणि कधीच न घडलेल्या गोष्टी ते घडल्यासारख्या सांगतात. डॉक्टरांनी बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता हे कारण सांगितले, पण एका जीवनसत्त्वामुळे एवढे नुकसान होऊ शकते हे आपल्याला पटत नाही. मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते, रुग्ण तपासत नाही. त्यामुळे वडिलांचे निदान मी करणार नाही. मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणामागे सुमारे दीडशे वर्षांचे संशोधन उभे आहे, आणि ते समजून घेतल्यास घरातल्या वागण्यातही फरक पडेल असे मला मनापासून वाटते.

१८८१ साली कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी तीन रुग्णांचे वर्णन केले. डोळ्यांची हालचाल बिघडलेली, चालताना तोल जाणारा आणि मन भ्रमिष्ट झालेले, अशी तिघांची अवस्था होती, आणि तिघेही दगावले. त्यांच्यापैकी दोन पुरुष अट्टल दारूबाज होते. तिसरी मात्र शिवणकाम करणारी एक तरुण मुलगी होती; तिने गंधकाम्ल प्राशन केले होते आणि त्यानंतर जठराचा मार्ग आक्रसून तिला सतत उलट्या होत होत्या. दारूचा तिच्याशी काही संबंध नव्हता. आजाराचे मूळ अन्नातून न मिळणाऱ्या कशात तरी असू शकते, ही शक्यता तिच्या उदाहरणातच दडलेली होती, परंतु जीवनसत्त्व ही कल्पनाच तेव्हा अस्तित्वात नसल्यामुळे ती कोणाला दिसणे शक्य नव्हते. पुढे काही वर्षांनी मॉस्कोचे सर्गेई कोर्साकॉफ यांनी स्मृती नष्ट झालेल्या रुग्णांवर लेख लिहिले. त्यांचेही सगळे रुग्ण दारू पिणारे नव्हते.

खरा पुरावा दुसऱ्या महायुद्धात मिळाला, आणि तो फार दुःखद परिस्थितीत मिळाला. जपानने सिंगापूर जिंकल्यावर चांगी येथील छावणीत ठेवलेल्या युद्धकैद्यांचा आहार मुख्यतः पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर आला, त्यात हगवणीची भर पडली, आणि अनेकांमध्ये वेर्निके यांनी वर्णिलेली लक्षणे दिसू लागली. ह्यू डी वॉर्डनर आणि लेनॉक्स या बंदिवासातीलच डॉक्टरांनी अशा ५२ रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि त्या १९४७ साली प्रसिद्ध केल्या. या कैद्यांना दारू कुठून मिळणार? तरीही त्यांचे मेंदू त्याच जागी आणि त्याच रीतीने बिघडले, आणि ज्यांना थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व मिळू शकले त्यांच्यात सुधारणा दिसली. त्या लेखाच्या शीर्षकातच या आजाराला मेंदूची बेरीबेरी म्हटले होते; बेरीबेरी म्हणजे थायमिनच्या अभावाने होणारा आजार. तांदळाचा कोंडा काढून टाकल्याने बेरीबेरी होते हे जावा बेटावर क्रिस्टियान आइकमन यांनी कोंबड्यांवरील निरीक्षणांतून आधीच दाखवलेले असल्यामुळे, आहाराचा हा धागा आता थेट मेंदूपर्यंत येऊन पोहोचला.

आता आपल्या मूळ शंकेकडे येते. मेंदूच्या पेशी आपली ऊर्जा बहुतांशी ग्लुकोजपासून मिळवतात. ग्लुकोजचे विघटन करून ऊर्जा काढण्याच्या मार्गावर जी विकरे म्हणजे एन्झाइम्स काम करतात, त्यांतील काही मोक्याची विकरे थायमिनशिवाय चालतच नाहीत. थायमिन संपले की रक्तात साखर भरपूर असली तरी पेशीला ती नीट वापरता येत नाही, लॅक्टिक आम्ल साचते आणि पेशी मरू लागतात. ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सविस्तर सांगते, कारण या विषयाचा गाभा त्यांत आहे. थायमिनअभावी आजारी पडलेल्या कबुतरांच्या मेंदूची ऊती परीक्षानळीत ऑक्सिजन नीट वापरत नसे. तीत थायमिन घातले की ऑक्सिजनचा वापर वाढत असे. याचा अर्थ असा की बिघाड आधी रासायनिक असतो आणि पेशीची रचना त्यानंतर ढासळते. या दोहोंच्या मधला काळ हाच उपचाराचा काळ आहे. तो हातचा गेला की जे पेशीसमूह मेले ते जीवनसत्त्व कितीही दिले तरी परत येत नाहीत.

दारू पिणाऱ्यांमध्येच हे इतके वारंवार का घडते, याचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात थायमिनचा एकूण साठा साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम असतो आणि रोजची गरज सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे पुरवठा थांबला तर साठा काही आठवड्यांतच आटतो. रोज पिणाऱ्याला दारूतून उष्मांक मिळतात, त्यामुळे भूक मरते, आणि जेवण म्हणजे चखण्याच्या बशीतले चार दाणे एवढ्यावर येते. जे थोडेफार पोटात जाते त्यातील थायमिन आतड्यातून शोषून घेण्याची क्रिया दारू मंदावते, खराब झालेले यकृत त्याचा साठा नीट करू शकत नाही, आणि थायमिनवर चालणाऱ्या विकरांना लागणारे मॅग्नेशियमही अशा रुग्णांत कमी असते. म्हणून घरात डाळ, भाजी, भाकरी सगळे शिजत असूनही त्याच घरातला एक माणूस आतून उपाशी राहू शकतो.

हे नुकसान मेंदूभर सारखे पसरत नाही. मेंदूच्या खोल गाभ्यातील थॅलॅमस या केंद्राचा मधला भाग, मेंदूच्या तळाशी असलेल्या मॅमिलरी बॉडीज नावाच्या दोन लहानशा गाठी, मेंदूस्तंभातील डोळ्यांच्या हालचालींशी संबंधित भाग आणि लहान मेंदूचा वरचा मधला भाग यांवर ते प्रामुख्याने होते. मॅमिलरी बॉडीज आणि थॅलॅमस हे नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या साखळीतले दुवे आहेत. तेथे कायमची हानी झाली तर जुन्या आठवणी बऱ्याच शाबूत राहतात, बोलणे-चालणे वरकरणी व्यवस्थित असते, पण आज घडलेले उद्यापर्यंत टिकत नाही. वेर्निके यांनी वर्णिलेल्या आजारानंतर उरणाऱ्या या अवस्थेलाच कोर्साकॉफ सिंड्रोम म्हणतात, आणि आपण केलेले वर्णन त्याच्याशी पुष्कळ जुळते.

न घडलेल्या गोष्टी सांगण्याबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण घरातील माणसे यानेच सर्वांत जास्त दुखावतात. व्यसनाच्या काळात खोटे बोलणे ऐकण्याची घराला इतकी सवय झालेली असते की हेही खोटेच वाटते. तसे ते नाही. स्मृतीत पोकळी राहिली की मेंदू जुन्या आठवणींचे तुकडे जोडून ती भरतो, आणि सांगणाऱ्याचा त्यावर पूर्ण विश्वास असतो. त्यात फसवण्याचा हेतू नसतो. दुसरीकडे, अशा माणसात काहीच साठत नाही हेही खरे नाही. जिनिव्हातील मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी १९११ साली एक प्रयोग नोंदवला. रोज भेटणाऱ्या डॉक्टरांनाही न ओळखणाऱ्या एका रुग्ण महिलेशी हस्तांदोलन करताना त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिला टोचली. नंतर तिला तो प्रसंग आठवत नव्हता, तरी हात पुढे करताच ती आपला हात मागे घेऊ लागली. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण जाणीवपूर्वक आठवण आणि सवयीने होणारे शिकणे यांचे मार्ग वेगळे आहेत हे त्यातून दिसले. म्हणून औषधांची डबी रोज एकाच जागी ठेवणे, भिंतीवर तारीख आणि दिवसाचा क्रम ठळक लिहून ठेवणे, दिनक्रम न बदलणे आणि चूक होण्याआधीच बरोबर उत्तर सांगणे, याचा उपयोग होतो, "आठवून बघा बरं, काय खाल्लं?" अशी परीक्षा घेण्याचा होत नाही.

या संशोधनातील ज्या भागाची मला सर्वांत जास्त खंत वाटते तो निदानाचा आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे क्लाइव्ह हार्पर आणि सहकाऱ्यांनी शवविच्छेदनात हा आजार सिद्ध झालेल्या १३१ जणांचे जुने कागद तपासून १९८६ साली निष्कर्ष मांडले: जिवंतपणी निदान झालेले सुमारे वीस टक्केच होते, आणि पाठ्यपुस्तकात शिकवली जाणारी डोळे, तोल आणि भ्रम ही तिन्ही लक्षणे एकत्र असलेले केवळ सोळा टक्के. तिन्हींची वाट पाहणारा डॉक्टर बहुतेक रुग्ण गमावणार, हा त्याचा सरळ अर्थ आहे. म्हणून १९९७ साली सुचवलेल्या निकषांनुसार पोषणाचा अभाव, डोळ्यांच्या हालचालीतील बिघाड, तोल जाणे आणि मानसिक गोंधळ किंवा सौम्य विस्मरण या चारांपैकी कोणतेही दोन असले तरी संशय धरावा असे मानले जाते. एमआरआयमध्ये विशिष्ट बदल दिसले तर निदान बळकट होते, पण एमआरआय स्वच्छ आला म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलियाने १९९१ पासून पावाच्या पिठात थायमिन मिसळणे बंधनकारक केले आणि नंतरच्या शवविच्छेदनांत या आजाराचे प्रमाण घटलेले आढळले. सार्वजनिक आरोग्यात इतका साधा उपाय क्वचितच सापडतो.

संशय आला की थायमिन शिरेतून आणि मोठ्या मात्रेत दिले जाते. युरोपीय आणि ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांत २०० ते ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा अशा मात्रा आहेत. रोजच्या गरजेशी तुलना करून हे आकडे अवाजवी वाटतात, पण आतडे एका वेळी मर्यादितच थायमिन आत घेऊ शकते, म्हणून तीव्र अवस्थेत औषधाच्या दुकानातील बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीवर विसंबता येत नाही. आपल्याकडे अशक्तपणा आला की गावातल्या दवाखान्यात ग्लुकोजचे सलाईन लावून घेण्याची प्रथा आहे. साठा आटलेल्या शरीरात थायमिनविना ग्लुकोज चढवत राहिल्यास उरलेसुरले थायमिनही खर्च होते आणि आजार उफाळू शकतो. रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली असेल तर ग्लुकोज ताबडतोब द्यायलाच हवे, पण त्यासोबत थायमिनही दिले जावे. व्यसनी रुग्णाच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना दारूचे खरे प्रमाण आणि जेवणाची खरी स्थिती न लाजता सांगणे यासाठीच आवश्यक असते.

मग दारू स्वतः निर्दोष आहे का? मुळीच नाही. ब्रिटनमधील छत्तीस हजारांहून अधिक लोकांच्या मेंदूप्रतिमांवर आधारित, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारूचे प्रमाण वाढते तसे मेंदूचे आकारमान कमी आढळले. दीर्घकाळ पिणाऱ्यांत विशेषतः कपाळामागील भाग आणि पांढरे द्रव्य, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणारे तंतू, आक्रसतात. दारू पूर्ण थांबवल्यावर यातील काही भाग महिन्यांच्या काळात भरून निघतो, हे पुन्हा पुन्हा केलेल्या स्कॅनमधून दिसले आहे. याशिवाय दख्खनमधील वाचकांसाठी एक नोंद: नियासिन या दुसऱ्या ब जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा आजार त्वचा, पोट आणि मन तिन्ही बिघडवतो, दारू पिणाऱ्यांतही दिसतो, आणि हैदराबाद येथे गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास तो प्रामुख्याने ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत अभ्यासला होता. हातापायांवर आणि गळ्याभोवती उन्हाने करपल्यासारखी काळवंडलेली त्वचा दिसत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवावे.

सुधारणेबद्दल आपण विचारले आहे. डोळ्यांची लक्षणे उपचारानंतर तास ते दिवसांत सुधारतात, तोल सावकाश आणि अनेकदा अर्धवट, स्मृती सर्वांत हळू. कोर्साकॉफ अवस्थेतील रुग्णांच्या दीर्घ पाहणीत सुमारे एक चतुर्थांश जवळजवळ पूर्ववत झाले, तितक्याच लोकांत काहीच फरक पडला नाही, आणि उरलेले कमीअधिक सुधारले. दोन महिने हा निष्कर्ष काढण्यासाठी फार थोडा काळ आहे. आता डॉक्टरांना विचारण्यासारख्या गोष्टी अशा की शिरेतून थायमिन किती दिवस दिले गेले, मॅग्नेशियम आणि बी-१२ तपासले का, आणि डोक्याला मार लागून मेंदूभोवती रक्त साचणे किंवा यकृताच्या बिघाडाने येणारा भ्रम ही कारणे वगळली आहेत का. वडील पुन्हा पिऊ लागले आणि परत सोडायची वेळ आली, तर मात्र घरी एकदम बंद करू नये, कारण अचानक थांबवल्याने झटके आणि जीवघेणा भ्रम येऊ शकतो. ते रुग्णालयात किंवा पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्राच्या देखरेखीखालीच करावे, आणि केंद्र सरकारच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावरून जवळच्या केंद्राची माहिती मिळते.