वारंवारच्या कामाचा ट्रॅक्टर घे

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू दोन माहितीपत्रकं घेऊन आमच्या ओट्यावर बसलास. एक २४ एचपीचं, एक ५० एचपीचं. वडील म्हणाले, एकदाच घ्यायचा तर मोठाच घ्यावा. तू गप्प, म्हणून मीही गप्प राहिलो. रात्रभर झोप लागली नाही.

जे काम वर्षात सगळ्यात जास्त वेळा करायचं, त्या कामाचा ट्रॅक्टर घे. तुझी अडीच एकर द्राक्षबाग, दीड एकर सोयाबीन. दीड एकराची नांगरट वर्षातून एकदा, एका सकाळी उरकते. ती भाड्यानं करून घे, त्यात कसला कमीपणा? बागेत मात्र ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीच्या ब्लोअरच्या किती खेपा होतात, ते तुला ठाऊक आहे.

मी २००९ साली चार एकरांसाठी ५० एचपीचा घेतला. सातबाऱ्यावर बोजा चढवला. भाड्यावर हप्ते फिटतील असा हिशेब होता. पण वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, सगळ्या गावाला एकदमच येतो रे! लोकांची पेरणी करत फिरलो, माझीच मागे पडली. बागेत तो धड वळेना, म्हणून फवारणीला दुसऱ्याचा छोटा ट्रॅक्टर सांगायचा. एका वर्षी छाटणीनंतर पाऊस लागून राहिला आणि छोटा ट्रॅक्टरवाला दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी मी माझाच आत घातला. काळ्या रानात वीतभर चाकोऱ्या पडल्या, वळताना टोकाचा खांब गेला, आणि डावणीची बुरशी तोवर घडांवर पोचली होती. चाकोऱ्यांखालची जमीन अशी आवळली की पुढं दोन वर्षं त्या ओळींत पांढरी मुळी नीट चाललीच नाही.

सात वर्षांनी तो विकला. गाव म्हणतं, तोट्यात विकला. तोटा घेतानाच झाला होता, विकताना नाही. तुझ्या वडिलांना हे दहादा सांगितलं, त्यांना पटत नाही.

आणि नुसता एचपीचा आकडा काय वाचत बसतोस? पीटीओला, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, किती ताकद मिळते ते विचार. ब्लोअर, रोटर तिथंच चालतात, आणि तो आकडा इंजिनापेक्षा कमीच असतो. स्वस्त म्हणून १५ एचपीचा उचललास, तर भरलेला ६०० लिटरचा ब्लोअर ओढताना त्याचा दम निघेल. तेच तर तुझं वारंवारचं काम! मागच्या चाकांची बाहेरून बाहेरची रुंदी टेपनं मोज. सायलेन्सर वरून असेल तर फांद्या होरपळतील, तेही बघ.

पैसे भरायच्या आधी विक्रेत्याला ट्रॅक्टर बागेत आणायला लाव. टाकी काठोकाठ भरून ब्लोअर जोड आणि बांधालगतच्या ओळीतून वळवून बघ. मागं-पुढं करावं लागलं तर तसाच परत पाठव. मी येतो. फक्त सकाळी लवकर ठेव, उन्हात आता बांधावर उभं राहवत नाही.

तुझा काका