स्लाइडचा रोल निगेटिव्हच्या केमिकलमध्ये धुतला तर?

प्रश्न: काकांच्या कपाटात फुजी प्रोव्हियाचे कोरे, एक्स्पायर झालेले रोल आणि काकांनीच वापरलेला कोडाक्रोमचा एक रोल सापडला. क्रॉस प्रोसेसिंगने भन्नाट रंग येतात असं ऐकलंय, सगळेच तसे धुवायला टाकू का?

उत्तर: प्रोव्हिया बिनधास्त टाका, कोडाक्रोम अजिबात नको.

प्रोव्हिया ही स्लाइड फिल्म, म्हणजे धुतल्यावर उलटी निगेटिव्ह न देता सरळ खऱ्या रंगातलं चित्र देणारी, आणि ती ई-६ नावाच्या प्रोसेसने धुतात. क्रॉस प्रोसेस म्हणजे तोच रोल साध्या कलर निगेटिव्हच्या सी-४१ मध्ये टाकायचा, ३७.८ डिग्रीला सव्वातीन मिनिटं डेव्हलपर (चित्र उमटवणारं केमिकल), आणि मग स्लाइडऐवजी निगेटिव्ह हातात येते, तीही नेहमीच्या नारिंगी झाकेशिवाय. खरी मजा थरांची आहे. लाल, हिरवा, निळा उजेड टिपणारे थर ई-६ साठी एकमेकांशी जुळवलेले असतात, सी-४१ चा डेव्हलपर वेगळा असल्यामुळे तो ताळमेळ सुटतो, कॉन्ट्रास्ट चढतो आणि सावलीचा रंग एकीकडे झुकतो तर उजेडाचा भलतीकडेच. म्हणूनच फोटोवर एकच फिल्टर चढवून हे हुबेहूब होत नाही. प्रोव्हिया बहुतेक वेळा हिरव्याकडे जाते, फुजीचीच दुसरी स्लाइड फिल्म वेल्व्हिया १०० लालभडक होते. भर उन्हात चुन्याची भिंत काढलीत तर भिंत पिवळट हिरवी आणि पागोळीखालची सावली ठार काळी, त्यात काही म्हणजे काही दिसणार नाही, त्यामुळे मी तरी ढगाळ हवेत किंवा सकाळच्या मऊ उजेडात शूट करा म्हणेन, आणि जुना रोल आहे तर एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, एक्स्पोजर द्या. घरातल्यांचे जपून ठेवायचे फोटो मात्र यावर नकोत, चेहरे फार कडक येतात.

लॅबमध्ये देताना रोलवर चिठ्ठी चिकटवा, 'स्लाइड आहे, पण सी-४१ च करा', आणि स्कॅन करताना ऑटो कलर करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर मशीन तुमचे रंग सरळ करायला बघतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

आता कोडाक्रोम, ही कोडॅकची स्लाइड फिल्म. बाकीच्या रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारे कपलर फिल्ममध्येच असतात, कोडाक्रोममध्ये ते तिच्या खास के-१४ प्रोसेसच्या डेव्हलपरमधून यायचे, म्हणजे सी-४१ मध्ये टाकून रंग येणारच नाहीत, शिवाय मागचा काळा कार्बनचा थर सुटून लॅबचं केमिकल आणि मशीन खराब करेल ते वेगळंच. ही फिल्म २००९ मध्ये बंद झाली आणि ती धुणाऱ्या अमेरिकेतल्या शेवटच्या लॅबने २०१० च्या अखेरीस रोल घेणं थांबवलं. पण त्यावर काकांनी काढलेलं काहीतरी आहे ना, मग जुने रोल हाताने धुणारा कोणी गाठा आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये करून घ्या, रंग गेले तरी माणसं दिसण्याची आशा आहे.