वर्धा-बल्लारशा लाइनवर पहाटे मालगाड्यांचा पाठलाग करून फोटो काढायचेत. कुठे थांबावं, कॅमेरा कोणता घ्यावा आणि इंजिनाचा फोटो झाला की पुढच्या स्पॉटला गाडीच्या आधी कसं पोहोचावं?

कॅमेरा जो असेल तो चालतो. मी अडकलो तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर. इंजिन गेलं की निघायचंच नाही, शेवटची ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा डबा, जाईपर्यंत जागेवर थांबायचं. यावरून माझं आणि माझ्या मामेभावाचं आजवर मिटलेलं नाही.

माझे बाबा मालगाडीवर गार्ड होते, हेडक्वार्टर बल्लारशा. (गार्डला ट्रेन मॅनेजर हे नाव २०२२ मध्ये आलं, बाबा २०१८ च्या डिसेंबरात रिटायर झाले.) शेवटच्या आठवड्यात त्यांना सेवाग्रामकडे जाणारी कोळशाची गाडी लागली आणि मी ठरवलं की फोटो काढायचाच, कारण एवढ्या वर्षांत ड्युटीवरचा त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. पहाटे पाचला मी आणि मामेभाऊ त्याच्या गाडीनं निघालो, थंडी अशी की काच आतून पुसत जावं लागत होतं आणि दोन्ही बाजूंच्या पऱ्हाटीवर धुवारी बसलेली. मालगाडी उभी असताना बाबांचा फोन आला, "ताडाळीले लूपात घेतलं, एक्स्प्रेस जाऊ देतेत. या आरामानं."

पाठलाग जमतो तो यामुळेच. मालगाडीला पॅसेंजर गाड्यांसाठी लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभं करतात, तेवढ्यात तुम्ही रोडनं पुढं निघून जाता. शंभरच्या वर गाडी पळवायची काही गरज नसते.

भांदकच्या अलीकडे उजाडता उजाडता इंजिन आलं, अजनी शेडचं डब्ल्यूएजी-९. मी चार फ्रेम घेतल्या आणि दहा डबे जात नाहीत तोच मामेभाऊ हॉर्न वाजवायला लागला, "अबे बस लवकर, इंजिन भेटलं ना! मांगचे डबे काय, सारखेच असते!" मीपण बसलो, ही माझी चूक. माजरीच्या बाजूला पुन्हा तेच, इंजिन मिळालं आणि आम्ही पळालो. वरोऱ्याच्या अलीकडे आडरस्त्याचं फाटक पडलेलं, समोर कापसाचा ट्रक, मागं ट्रॅक्टर, दार उघडून उतरेपर्यंत निम्मी गाडी निघून गेलेली. ट्रकच्या बाजूनं ब्रेकव्हॅन दिसली, व्हरांड्यात बाबा उभे, हातात फाटकवाल्यासाठी हिरवी झेंडी. माझ्याकडे त्या क्षणाचा एकच फोटो आहे, त्यात ताडपत्री आहे आणि कोपऱ्यात एक हिरवा ठिपका.

घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "दिसले मले तुमी." दोन दिवसांनी त्यांनी लाइन बॉक्स, म्हणजे गार्डची ड्युटीची पेटी, जमा केला.

मामेभाऊ अजून म्हणतो की दोन जागा त्यानं पकडून दिल्या. हिशोब करा ना. बॉक्सएन म्हणजे उघड्या ५८ वाघिणींची रेक इंजिन धरून साडेसहाशे मीटरच्या आसपास, पन्नासच्या स्पीडनं तुमच्यासमोरून जायला पाऊण मिनिट लागतं. पाऊण मिनिटानं कोणता स्पॉट हुकणार होता? स्टेशनवालासुद्धा शेवटच्या डब्यावरची एलव्हीची (लास्ट व्हेईकल) पाटी पाहिल्याशिवाय गाडी पूर्ण आली असं मानत नाही. आणि त्या डब्यात माणूस असतो. बाबांनी अशाच व्हॅनमध्ये हिवाळे काढले, लाइट नाही, संडास नाही, पत्र्याच्या खोक्यात ब्लँकेट गुंडाळून बसायचं. आता ब्रेकव्हॅनच्या जागी गाडी पूर्ण आहे हे इंजिनाला कळवणारं ईओटीटी नावाचं यंत्र लावून गाड्या चालवायचं सुरू झालंय, म्हणजे अजून काही वर्षांनी काढायला ती व्हॅनच राहणार नाही.

शिवाय उजेडाचं बघा. ही लाइन बल्लारशाकडून वायव्येला वर चढते. हिवाळ्यात सकाळी सूर्य आग्नेयेला, म्हणजे सेवाग्रामकडे जाणाऱ्या भरलेल्या गाडीच्या इंजिनाचं तोंड सावलीत आणि ब्रेकव्हॅनवर थेट कोवळं ऊन. त्या दिवशी माझे इंजिनाचे दोन्ही जागचे फोटो काळवंडलेलेच आले. इंजिनच समोरून हवं असेल तर सकाळी खाणींकडे परत येणाऱ्या रिकाम्या रेक धरा, त्यांच्या तोंडावर ऊन असतं.

जागा म्हणाल तर भांदक ते वरोरा पट्टा चांगला, माजरीला वणीकडची लाइन मिळते त्यामुळे कोळशाची वर्दळ भरपूर. हिंगणघाटकडे वणा नदीचा पूल आहे, तिथं मी नीट काम केलेलं नाही. शटर १/५०० च्या खाली नको, उजाडायच्या आधी आयएसओ वाढवा, दाणा आला तर येऊ द्या. मालगाडीचं टाइमटेबल ॲपवर शोधू नका, लाल सिग्नल हिरवा होतो का ते बघत बसा.

आणि हो, रुळात उतरू नका, फाटकाच्या बाहेरूनच काढा. कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड आहे आणि वर तारेत २५ हजार व्होल्ट असतात, सेल्फी स्टिक तर गाडीतच ठेवा. भद्रावतीला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, त्या बाजूला कॅमेरा वळवायचाच नाही. जो गाडी चालवतो त्यानं फोटोच्या मागं लागू नये, आणि त्याला घरून निघतानाच सांगून ठेवा की एलव्हीची पाटी डोळ्यांसमोरून जाईपर्यंत किल्ली फिरवायची नाही.