रेडिएशन चालू असताना वजन टिकवणं: नळीला घाबरू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की वडिलांचं गालाच्या कॅन्सरचं रेडिएशन तिसऱ्या आठवड्यात आहे, तोंड सोललंय, भाकरी बंद झाली, वजन उतरतंय आणि डॉक्टर नाकातून पोटात अन्नाची नळी घालू म्हणतात. घरचे म्हणतात, "नळी लागली म्हणजे संपलंच." माझ्या सासऱ्यांची जिभेच्या कॅन्सरची ट्रीटमेंट आम्ही घरी राहून पार पाडली. त्यावरून सांगते, नळीला हो म्हणा, लवकर म्हणा.

तोंडाच्या कॅन्सरचं रेडिएशन साधारण सहा-सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस चालतं. तोंडातले फोड दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात आणि शेवटाकडे वाढत जातात. म्हणजे पुढचे आठवडे आतापेक्षा अवघड आहेत. चेहरा उतरला की रेडिएशन घेताना डोकं हलू नये म्हणून घालतात तो मास्क गालांवर सैल बसू लागतो, मग कधी नवा मास्क, नवा सीटी स्कॅन, रेडिएशनचं नवं प्लॅनिंग करावं लागतं. अशक्तपणामुळे लाईट (रेडिएशनची रोजची खेप) चुकले आणि मध्ये खंड पडला, तर ट्रीटमेंटचा परिणामही कमी होतो. म्हणून वजन सांभाळणं हा उपचाराचाच भाग आहे.

आपल्याकडे आजाऱ्याला "हलकं" द्यायचं म्हणजे डाळीचं वरचं पाणी, तांदळाची पेज, नारळपाणी. पोट भरल्यासारखं वाटतं, पण अंगी फारसं काही लागत नाही. साठ किलोच्या माणसाला या काळात रोज साधारण 70 ते 90 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात जेमतेम सहा ग्रॅम असतात, त्यावरून हिशोब करा. तेव्हा पेजच द्यायची असेल तर ती दुधात करा, वर दोन चमचे दूध पावडर आणि तूप घाला. मूगडाळ घट्ट शिजवून, मऊ भातासोबत मिक्सरमधून काढून गाळून घ्या. नाचणीचं सत्त्व दुधात शिजवा. अंडं पूर्ण शिजवून वरणात घोटा, कच्चं नको. ताजं गोड दही चालतं, आंबट ताक झोंबतं. तिखट, मसाला, टोमॅटो, लिंबू बंद. सगळं कोमट किंवा गार द्या, दर दोन तासांनी वाटीभर. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण आणि मधुमेह असेल तर साखरेचं, दोन्ही डाएटिशियनला विचारूनच ठरवा.

साखरेने कॅन्सर वाढतो म्हणून गोड तोडणारे नातेवाईक भेटतीलच. मधुमेह नसेल तर त्यांचं ऐकू नका. काढे, गव्हांकुर, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

जेवणाआधी तोंड बधिर करणारं जेल किंवा औषध मिळतं, ते लिहून मागा. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून बऱ्याचदा खळखळून थुंकायला सांगा. अल्कोहोलचा माउथवॉश नको.

आता नळी. ती तात्पुरती असते, तोंड बरं झालं की काढतात. सासऱ्यांना नळी लागली त्या रात्री पहिल्यांदा पोटभर अन्न गेलं आणि ते शांत झोपले. आधी घास दाखवला की तोंड फिरवायचे, जेवणाची वेळ म्हणजे घरात भांडण. ते थांबलं. नर्सकडून नीट शिकून घ्या: बसवून किंवा डोकं बरंच उंच ठेवून सावकाश द्यायचं, नंतर पाण्याने नळी धुवायची, लगेच आडवं करायचं नाही. नळी असली तरी डॉक्टर परवानगी देतील तेवढं घोट-घोट पाणी गिळत राहू द्या, गिळण्याचे व्यायाम सोडू नका, नाहीतर गिळण्याची सवय मोडते.

पाणी पिताना ठसका लागतोय, ताप आलाय, लघवी कमी झालीय किंवा घोटही जात नाही, असं झालं तर पुढच्या लाईटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

रेडिएशन संपल्यावरही तोंड काही आठवडे दुखतं, चव परतायला महिने लागू शकतात. तोवर मिक्सर हाताशी ठेवा आणि दर आठवड्याला त्याच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी वजन करून वहीत लिहा. पुढच्या भेटीला ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.