‘तहकूब’ आणि ‘स्थगित’

प्रश्न असा आला आहे: ‘जमिनीच्या एका दाव्याबद्दल बातमीत “सुनावणीला न्यायालयाची स्थगिती” असे छापून आले. वकील म्हणतात, स्थगिती वगैरे काही नाही, काम तहकूब होऊन पुढची तारीख पडली. दोन्हींचा अर्थ एकच ना?’

एकच नाही आणि वकिलांचे म्हणणे बरोबर आहे.

काम तहकूब होते म्हणजे आज होणारे काम पुढच्या तारखेवर जाते. दावा चालूच असतो. साक्षीदाराची उलटतपासणी अर्धी राहिली असेल तर पुढच्या तारखेला तिथूनच सुरू होते. स्थगिती म्हणजे दाव्याचे कामकाज किंवा हुकूमनाम्याची, म्हणजे दाव्यात झालेल्या निकालाची, अंमलबजावणी थांबवणारा आदेश. तो बहुधा वरच्या न्यायालयाचा असतो, पण नेहमीच नाही. त्याच पक्षकारांत त्याच वादविषयावर आधीचा दावा चालू असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १० नुसार नंतरचा दावा ते न्यायालय स्वतःच स्थगित ठेवते. आणि नुसते अपील दाखल केले म्हणून स्थगिती मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते.

दोन्ही शब्दांसोबत येणारी क्रियापदे पाहिली की फरक कानालाच कळतो. स्थगिती ‘उठते’, ‘उठवली’ जाते. तहकुबी कधी कोणी उठवल्याचे ऐकले आहे का? ती मागतात, देतात, नाकारतात. ‘तहकूब’ हे न बदलणारे विशेषण: दावा तहकूब, सुनावणी तहकूब, काम तहकूब. ‘स्थगित’ संस्कृत ‘स्थग्’ धातूवरून आले. त्याचा मूळ अर्थ झाकणे. थांबवण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

गोंधळ बहुतेक हिंदीतून शिरतो. हिंदीत ‘कार्यवाही स्थगित’ म्हणजे आपले ‘कामकाज तहकूब’. बातमी घाईने मराठीत येते आणि शब्दही जसाच्या तसा उतरतो. आपल्या विधिमंडळातही ‘स्थगन प्रस्ताव’ मांडतात आणि सभागृह मात्र ‘दिवसभरासाठी तहकूब’ होते. तिथे हा संकेत रुळला आहे, तो बदलायचे कारण नाही. न्यायालयाच्या बातमीत मात्र ही मोकळीक घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे, कारण दिरंगाईचे मूळ कुठे आहे तेच त्या चुकीमुळे वाचकाला दिसत नाही.

स्थगितीमागे कोणत्या तरी न्यायालयाने विचार करून दिलेला आदेश असतो. तहकुबी पुष्कळदा एका अर्जावर मिळते: वकील दुसऱ्या कोर्टात आहेत, साक्षीदार आला नाही, लेखी कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, तयार नाही. म्हणून कायद्याने तहकुबीलाच लगाम घातला. दिवाणी संहितेच्या ‘आदेश १७’ या प्रकरणानुसार सुनावणी चालू असताना एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, दिल्यास कारण लेखी नोंदवावे, खर्चही बसवावा. साक्षीपुरावा सुरू झाला की अपवादात्मक कारण नसेल तर तो रोजच्या रोज चालावा. वकील दुसरीकडे गुंतले आहेत, हे कारण पुरेसे नाही, असेही तिथे स्पष्ट लिहिले आहे. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालये कायद्याने व्यापारी दाव्यांसाठी आणखी एक पायरी जोडली: प्रकरण व्यवस्थापनाची सुनावणी. तिच्यात वादाचे मुद्दे काढायचे, साक्षीपुराव्याच्या आणि युक्तिवादाच्या तारखा आधीच ठरवायच्या. ही पद्धत प्रत्येक दिवाणी दाव्याला मिळायला हवी. पक्षकाराला आपली साक्ष कोणत्या महिन्यात आहे हे कळणे हा त्याचा साधा हक्क आहे.

ज्यूरी, म्हणजे खटल्याचा कौल देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ, असते तिथे तहकुबीचा अर्थ आणखी आखूड होतो. नागरिकांना कामधंदा सोडवून ज्यूरीच्या बाकावर बसवलेले असते, त्यांना तीन महिन्यांनी परत या असे सांगता येत नाही. म्हणून खटला रोज चालतो आणि ‘तहकूब’ म्हणजे बहुधा उद्या सकाळपर्यंत. अमेरिकेत १७९१ पासून दिवाणी दाव्यांतही ज्यूरीचा घटनात्मक हक्क आहे. तिथल्या न्यायाधीशांना म्हणूनच अर्ज, कागदपत्रे, साक्षीदारांच्या याद्या हे सगळे ज्यूरी बसण्याआधी उरकून घ्यावे लागते. आपल्याकडे फौजदारी खटल्यांतली ज्यूरी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने संपली, पण साक्षीपुरावा सुरू करण्याआधी सगळी तयारी पुरी करण्याची ती शिस्त ज्यूरीशिवायही घेता येते.

स्थगितीबाबतही एक वाद होऊन गेला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की स्थगिती कारणे देऊन वाढवली नाही तर सहा महिन्यांनी आपोआप संपेल. २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते फिरवले. त्यामुळे आता निव्वळ काळ उलटला म्हणून स्थगिती संपत नाही, ती आदेशानेच उठते.

तुमच्या बातमीचे शीर्षक ‘दाव्याची सुनावणी तहकूब’ असे हवे होते आणि त्याखाली पुढची तारीख.