वाचकांचे प्रश्न : व्यसनमुक्तीची समिती झाली, पुढे काय?

प्रश्न : आमच्या गावात आठवी-नववीची मुलं मावा खातात, काही जण पंक्चरचं सोल्युशन हुंगतात. शाळा, ग्रामपंचायत आणि पालकांनी मिळून समिती केली. प्रभातफेरी झाली, शपथ झाली, फरक काहीच नाही. कुठं चुकतंय?
– एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : पुडी मुलाच्या हातात कुठून येते, याचा शोध फेरीतून लागत नाही. आधी तो घ्या. गावाचा नकाशा काढून त्यावर टपऱ्या, पंक्चरची दुकानं, स्टेशनरी, मेडिकल आणि मुलं टोळक्यानं बसतात त्या जागा मांडा. दोन आठवडे मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर अर्धा तास नुसतं पाहा. मुलांची दप्तरं तपासू नका, मुलांना गिऱ्हाईक करून दुकानात पाठवू नका. तसं केलंत की मुलं समितीपासूनच लपायला लागतात.

सोबत वर्गात निनावी प्रश्नावली भरून घ्या. तीनच प्रश्न : पहिल्यांदा कितव्या वर्षी, गेल्या 30 दिवसांत किती वेळा, मिळालं कुठून. हस्ताक्षर ओळखू येतं, म्हणून फक्त खुणा करायला सांगा आणि कागद बंद पेटीत टाकू द्या. वर्गशिक्षकांनी गोळा केले तर उत्तरं खरी येत नाहीत. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा विचारा. एकदा परीक्षेत आणि एकदा जत्रेच्या महिन्यात विचारलं तर आकड्यांची तुलनाच होणार नाही.

मग कायदा. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम 6 नुसार अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला, तसंच शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या (सुमारे 91 मीटर) आत कुणालाही विकायला बंदी आहे. हे अंतर शाळेच्या कुंपणापासून सरळ रेषेत मोजायचं. दुकानदार वळणाच्या रस्त्यानं मोजून 'मी हद्दीबाहेर' म्हणतो आणि वाद तिथंच अडकतो, म्हणून टेप लावून पिवळी रेघ आधीच मारून घ्या.

या कलमाचा दंड फक्त 200 रुपयांपर्यंत आहे, त्याला कुणी घाबरत नाही. पण बाल न्याय कायदा 2015 चं कलम 77 वेगळं आहे : मुलाला दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थ दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. दोन्ही कलमं छापून प्रत्येक दुकानदाराला द्या, पोच घ्या. तरीही विक्री चालू राहिली तर दुकान, तारीख, वेळ लिहून पोलीस ठाण्यात अर्ज द्या. 'गावात नशा वाढली आहे' एवढ्या मोघम अर्जावर काहीच होत नाही.

प्रश्न : समितीत कोण असावं?

उत्तर : दहा-बाराजण पुरेत, पण पद पाहून घेऊ नका. आशाताई, मेडिकलवाला, तालमीचा वस्ताद, बचतगटातली बाई, एखादा टपरीवालासुद्धा हवा, आणि दोन-तीन मुलं-मुली हव्यातच. अमेरिकेत 1997 च्या कायद्यानं अशा स्थानिक आघाड्यांना सरकारी निधी मिळतो, तिथं 12 घटकांचे प्रतिनिधी सक्तीचे आहेत आणि त्यात युवक येतात. गडचिरोलीत 2016 पासून चाललेल्या 'मुक्तिपथ' या दारू-तंबाखूमुक्तीच्या मोहिमेचा कणाही गावोगावच्या संघटनाच आहेत. बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी घ्या. निवडणुकीच्या तोंडावर समिती एका गटाची झाली तर संपली म्हणून समजा.

प्रश्न : सोल्युशन हुंगताना मूल सापडलं तर?

उत्तर : ओरडू नका, पाठलाग तर मुळीच करू नका. या वाफांनी हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि त्या अवस्थेत घाबरून पळालं तर मूल जागच्या जागी दगावू शकतं. फडकं, पिशवी हळूच बाजूला घ्या, मोकळ्या हवेत बसवा, शांतपणे बोला. जवळपास काडी पेटवू नका. शुद्ध हरपली तर कुशीवर वळवून 108 ला फोन करा. पालकांना एकट्यानं भेटा, परिपाठात नाव घेऊ नका. पुढच्या सल्ल्यासाठी 14446 ही व्यसनमुक्तीची आणि 14416 ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, दोन्ही मोफत.